चाळणी कोणाच्या हाती?

अमेरिकेतील युटा राज्याचे गव्हर्नर जॉन हंट्समन यांनी मार्च २००५ मध्ये एका विधेयकावर स्वाक्षरी केली आणि इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवर एक नवी जबाबदारी आली. अल्पवयीनांना अपायकारक ठरेल असा मजकूर आपल्या घरी येऊ नये, अशी मागणी ग्राहकाने केली, तर तो अडविण्याची सोय कंपनीने करून दिली पाहिजे, असे या कायद्याने बजावले. पालकांच्या संघटनांनी त्याचे स्वागत केले, तर पुस्तकविक्रेते, कलावंत आणि नागरी स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते यांनी न्यायालयाची वाट धरली.

त्यानंतरच्या दोन दशकांत अनेक देशांनी याच प्रश्नावर आपापल्या परीने कायदे केले. लहान मुलांच्या नजरेस प्रौढांसाठीचा मजकूर पडू नये, याविषयी कोठेच दुमत नाही. वाद आहे तो वेगळाच. इंटरनेटवरचा नकोसा मजकूर गाळणारी चाळणी, म्हणजेच फिल्टर, कोणी बसवायचा? तो सुरू करण्याचा निर्णय घरातल्या व्यक्तीने घ्यायचा, कंपनीने की सरकारने? अडवायच्या संकेतस्थळांची यादी कोण करणार? आणि त्या यादीत चुकून एखादे निर्दोष संकेतस्थळ अडकले, तर त्याने दाद कोणाकडे मागायची?

युटाचा अनुभव

युटाच्या कायद्याचे ढोबळमानाने तीन भाग होते. पहिला भाग सेवा पुरवठादार कंपन्यांसाठी होता. मागणी करणाऱ्या ग्राहकासाठी कंपनीने एक तर आपल्या जाळ्यातच मजकूर गाळावा, नाही तर घरच्या संगणकावर बसविण्याजोगे सॉफ्टवेअर द्यावे. दुसऱ्या भागात राज्याच्या अॅटर्नी जनरलने प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांची सरकारी यादी तयार करावी, असे म्हटले होते. तिसऱ्या भागानुसार, राज्यातून संकेतस्थळ चालविणाऱ्यांनी अल्पवयीनांसाठी अयोग्य मजकुरावर तशी खूण करणे बंधनकारक होते. तसे न केल्यास शिक्षेची तरतूद होती.

वाद पेटला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांवरून. सॉल्ट लेक सिटीतील ‘द किंग्ज इंग्लिश’ हे पुस्तकांचे दुकान, काही कलावंत आणि अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही संघटना जून २००५ मध्ये संघराज्य न्यायालयात गेली. दुकानाच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकांची मुखपृष्ठे आणि परिचय असतात. त्यातील कोणते चित्र वा कोणता उतारा ‘अपायकारक’ ठरेल, हे विक्रेत्याने कसे ठरवायचे, असा त्यांचा सवाल होता. शिक्षेच्या भीतीने प्रौढ वाचकांसाठीची वैध पुस्तकेही संकेतस्थळावरून उतरवावी लागतील, असे त्यांचे म्हणणे होते.

हा खटला दीर्घकाळ चालला. सरकारी यादीची कल्पना मागे पडली. प्रौढांसाठी वैध असलेला मजकूर सर्वांना खुल्या असलेल्या संकेतस्थळावर ठेवणाऱ्यांवर या कायद्याखाली खटला भरता येणार नाही, असे न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. टिकून राहिला तो पहिला भाग, म्हणजे ग्राहकाच्या मागणीवरून फिल्टर देण्याचे बंधन. पुढे २०१८ मध्ये राज्याने त्याला जोड दिली. अशी सोय उपलब्ध आहे, हे कंपन्यांनी ग्राहकांना आपणहून कळवावे, असा आणखी एक कायदा झाला. लोकांना माहीतच नसलेला हक्क कागदावरच राहतो, हे तोवर ध्यानात आले होते.

न्यायालयांचा कल

तिन्ही भागांपैकी नेमका हाच भाग का टिकला, याचे उत्तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या आधीच्या निकालांत सापडते. इंटरनेटवर अल्पवयीनांपर्यंत अश्लील वा असभ्य मजकूर पोहोचविणाऱ्यांना शिक्षा देणारा कायदा अमेरिकी काँग्रेसने १९९६ मध्ये केला. त्याच्या प्रमुख तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. मुलांना वाचविण्याच्या प्रयत्नात प्रौढांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्यही आक्रसते, हे त्याचे कारण होते. मग १९९८ मध्ये अधिक काटेकोर शब्दांत दुसरा कायदा करण्यात आला. त्याच वेळी आणखी एक लहानशी तरतूद झाली. मुलांच्या संरक्षणासाठी बाजारात साधने मिळतात, हे सेवा पुरवठादारांनी नव्या ग्राहकांना सांगावे, अशी ती तरतूद होती. शिक्षेचा कायदा न्यायालयात अडकला. ही तरतूद मात्र फारशा चर्चेविना कायम राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षेच्या कायद्यावरील स्थगिती कायम ठेवली. न्या. अँथनी केनेडी यांनी लिहिलेल्या निकालाचे सूत्र सोपे होते. मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला शिक्षेचा धाक घालण्यापेक्षा, तो घेणाऱ्याच्या घरी फिल्टर बसविणे हा स्वातंत्र्याला कमी धक्का लावणारा उपाय आहे. शिवाय परदेशातून येणारा मजकूरही फिल्टर अडवू शकतो, तेथे अमेरिकी कायद्याचा हात पोहोचत नाही. घरातील प्रौढांना हवे तेव्हा तो बंदही करता येतो.

या विचाराची पायाभरणी २००० मधील एका निकालात झाली होती. प्रौढांच्या केबल वाहिन्यांवर सरसकट निर्बंध घालणारी तरतूद तेव्हा न्यायालयाने रद्द केली. ज्या घराला नको आहे, त्या घराने सांगावे आणि केबल कंपनीने ती वाहिनी तेथे बंद करावी, हा मार्ग आधीच उपलब्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यात एक बोलका आकडा पुढे आला होता. वाहिनी पूर्णपणे बंद करण्याची मागणी करणारे ग्राहक अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. याचाच अर्थ हा मार्ग निरुपयोगी आहे, असा सरकारचा दावा होता. लोकांना ही सोय ठाऊक नसेल किंवा तिची गरजही वाटत नसेल. तेवढ्यावरून सर्वांवर निर्बंध लादता येत नाहीत, असे न्यायालयाचे उत्तर होते. फिल्टरविषयीच्या प्रत्येक कायद्याच्या मुळाशी आजही हाच तिढा आहे.

चाळणी चालते कशी?

फिल्टर तीन ठिकाणी बसविता येतो: सेवा पुरवठादाराच्या जाळ्यात, घरातील राउटरवर किंवा प्रत्यक्ष संगणकात वा मोबाइलमध्ये. पुरवठादाराच्या पातळीवर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे डीएनएस. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी ही इंटरनेटची दूरध्वनी निर्देशिका. त्या निर्देशिकेतून ठरावीक नावे वगळली, की ती संकेतस्थळे उघडत नाहीत. ही पद्धत स्वस्त आणि जलद आहे. पण ग्राहकाने दुसऱ्या कोणाची निर्देशिका वापरायला घेतली, की ती निष्प्रभ होते.

दुसरी पद्धत आकडी पत्ताच बंद करण्याची. तिच्यात धोका मोठा, कारण एकाच पत्त्यावर हजारो संकेतस्थळे नांदत असतात. एका खोलीत गैरप्रकार चालतो म्हणून अख्ख्या चाळीच्या फाटकाला कुलूप ठोकावे, तसा हा प्रकार होतो. पेनसिल्व्हेनिया राज्याने २००२ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण असलेली संकेतस्थळे अडविण्यासाठी कायदा केला. हेतूबद्दल कोणाचाच आक्षेप नव्हता. मात्र सुमारे ४०० संकेतस्थळे अडविताना दहा लाखांहून अधिक निर्दोष संकेतस्थळे बंद झाली. संघराज्य न्यायालयाने २००४ मध्ये तो कायदा रद्द केला. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये आर्थिक फसवणूक करणारे एक संकेतस्थळ याच पद्धतीने अडविताना सुमारे १२०० इतर संकेतस्थळे बंद पडली.

तिसरी पद्धत पानावरील शब्द वा चित्रे तपासण्याची. आता बहुतेक संकेतस्थळांची देवाणघेवाण सांकेतिक रूपात होते. ग्राहक कोणत्या संकेतस्थळावर गेला, हे पुरवठादाराला बहुधा कळते. तेथे त्याने कोणते पान उघडले, हे कळत नाही. परिणामी, समाजमाध्यमांसारख्या ठिकाणी सभ्य आणि प्रौढ मजकूर शेजारी शेजारी असेल, तर पुरवठादारापुढे दोनच पर्याय उरतात. सगळे अडवा, नाही तर सगळे सोडा.

चाळणीची भोके किती बारीक ठेवायची, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेतील कैसर फॅमिली फाउंडेशनने २००२ मध्ये शाळा-ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या फिल्टरची चाचणी घेतली. सर्वांत सौम्य पातळीवर ८७ टक्के अश्लील संकेतस्थळे अडली आणि आरोग्यविषयक माहितीची केवळ १.४ टक्के अडली. सर्वांत कडक पातळीवर अश्लील संकेतस्थळे अडण्याचे प्रमाण ९१ टक्क्यांपर्यंतच गेले. आरोग्यविषयक माहिती अडण्याचे प्रमाण मात्र २४ टक्क्यांवर पोहोचले. थोडक्यात, चाळणी अतिबारीक केल्याने खडे फारसे जास्त निघाले नाहीत, पण धान्य मात्र मोठ्या प्रमाणावर वाया गेले. या ‘धान्या’त लैंगिक आजार, गर्भनिरोधन अशा विषयांची माहिती असते. घरात विचारता न येणारा प्रश्न घेऊन इंटरनेटकडे वळणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींना तिचीच गरज असते.

देश तितक्या तऱ्हा

फ्रान्सने जून २००४ मध्येच कायदा करून सेवा पुरवठादारांवर दोन बंधने घातली: मजकूर रोखणाऱ्या साधनांची माहिती ग्राहकाला द्यावी आणि त्यातील किमान एक साधन उपलब्ध करून द्यावे. जपानच्या २००८ मधील कायद्याने व्यवहार्य भेद केला. घरगुती जोडणीसाठी ग्राहकाने मागितल्यास फिल्टर द्यावा. अल्पवयीनाच्या मोबाइलवर मात्र तो आधीपासूनच असावा आणि पालकांनी नको म्हटले तरच काढावा. इटलीने २०२० मध्ये पालक-नियंत्रणाची सोय मोफत देणे कंपन्यांना बंधनकारक केले. अल्पवयीनांच्या नावावरील सिमकार्डावर ती आपोआप सुरू ठेवण्याची अंमलबजावणी नोव्हेंबर २०२३ पासून झाली.

ब्रिटनने कायद्याऐवजी दबावाचा मार्ग पत्करला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जुलै २०१३ मध्ये केलेल्या घोषणेनंतर बीटी, स्काय, टॉकटॉक आणि व्हर्जिन मीडिया या चार मोठ्या कंपन्यांनी प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘फिल्टर हवा की नको’ असे विचारण्यास सुरुवात केली. ऑफकॉम या नियामक संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे अनेकांना चकित करणारे होते. नव्या ग्राहकांपैकी व्हर्जिनच्या ४, बीटीच्या ५, स्कायच्या ८ आणि टॉकटॉकच्या ३६ टक्के ग्राहकांनीच फिल्टर स्वीकारला होता. याच काळात लैंगिक अत्याचारग्रस्त स्त्रियांना मदत करणाऱ्या केंद्राचे आणि लैंगिक शिक्षण देणाऱ्या संस्थांची संकेतस्थळेही फिल्टरमध्ये अडकल्याचे उघड झाले. ज्यांना मदतीची गरज होती, त्यांच्याच तोंडावर दार लागले.

ऑस्ट्रेलियाचा प्रवास सर्वांत बोधप्रद म्हणावा लागेल. तेथे १९९९ च्या कायद्यानंतर ग्राहकांना फिल्टर उपलब्ध करून देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. ऑगस्ट २००७ मध्ये सरकारने सुमारे ८ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून प्रत्येक कुटुंबाला मोफत फिल्टर देऊ केला. मेलबर्नमधील एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने सुमारे अर्ध्या तासात तो निकामी करून दाखविला. त्यानंतर सत्तेवर आलेल्या सरकारने ‘देणे’ सोडून ‘लादणे’ पत्करले. सर्व पुरवठादारांना सक्तीचा फिल्टर बसविण्याची योजना पुढे आली. मात्र मार्च २००९ मध्ये नियामक संस्थेची म्हणून सांगितली गेलेली गोपनीय यादी फुटली आणि तीत क्वीन्सलँडमधील एका दंतवैद्याचेही संकेतस्थळ निघाले. यादी गोपनीय असल्यामुळे, आपण तीत आहोत हे त्यातील निर्दोष व्यक्तीला कळण्याचा मार्गच नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. त्याऐवजी बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण असलेल्या संकेतस्थळांची इंटरपोलची मर्यादित यादी वापरण्याचे ठरले.

दक्षिण कोरियाने एप्रिल २०१५ पासून अल्पवयीनांच्या मोबाइलवर असे नियंत्रण सक्तीचे केले. त्यासाठी सरकारच्या पाठबळावर तयार झालेल्या ‘स्मार्ट शेरिफ’ या अॅपमध्ये टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबच्या संशोधकांना सुरक्षेच्या २६ त्रुटी आढळल्या. मुलांच्या रक्षणासाठी बसविलेल्या पहारेकऱ्याकडूनच त्यांची माहिती परक्यांच्या हाती लागू शकत होती. त्याच वर्षी ते अॅप मागे घ्यावे लागले.

भारतात भर बंदीवर

भारतात या चर्चेचे मूळ मुंबईतच आहे. सायबर कॅफेंचा सुळसुळाट झाला होता, त्या काळात, २००१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने अल्पवयीनांना इंटरनेटवरील अश्लील मजकुरापासून वाचविण्याचे उपाय सुचविण्यासाठी समिती नेमली. कॅफेत ओळखपत्र पाहावे, मुलांना आडोशाच्या खोलीऐवजी मोकळ्या जागेतील संगणक द्यावेत आणि त्यांवर फिल्टर असावेत, अशा स्वरूपाच्या सूचना समितीने केल्या. मुलांपुरता फिल्टर आणि प्रौढांना मोकळीक, हे त्यातले सूत्र होते.

पुढील वाटचाल मात्र वेगळ्या दिशेने झाली. इंदूर येथील वकील कमलेश वासवानी यांनी २०१३ मध्ये अशा संकेतस्थळांवर संपूर्ण बंदीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल केली. जुलै २०१५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांनी अंतरिम बंदी घालण्यास नकार दिला. सज्ञान व्यक्तीला आपल्या खोलीच्या चार भिंतींआड काय पाहावे यापासून कसे रोखणार, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तरीही ३१ जुलै २०१५ रोजी दूरसंचार विभागाने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. यादीत विनोदी मजकुराची संकेतस्थळेही होती. टीकेची झोड उठताच चार-पाच दिवसांत आदेश सौम्य करण्यात आला. बालकांचे अश्लील चित्रण नसलेली संकेतस्थळे सुरू ठेवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. पण ते तपासण्याचे ओझेही त्यांच्याच खांद्यावर आले.

सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने पूर्वीच्या आदेशाची अंमलबजावणी करण्यास फर्मावले. तेव्हा सरकारने यादी पुन्हा तपासली. ८५७ पैकी ३० संकेतस्थळांवर अश्लील मजकूरच नसल्याचे आढळले आणि उरलेली ८२७ बंद करण्याचा आदेश निघाला. तीन वर्षे एका सरकारी यादीत ३० नावे विनाकारण होती, ही बाब यादी करणाऱ्याच्या अधिकाराविषयी बरेच काही सांगून जाते. राज्यसभेच्या जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये मुलांच्या वापरावर देखरेख ठेवणारी साधने उपकरणांवर असावीत, अशा शिफारशी केल्या. चित्रपट-मालिका दाखविणाऱ्या ओटीटी सेवांना २०२१ च्या नियमांनी पालकांसाठी कुलपाची सोय बंधनकारक केली. घरोघरी इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे कुटुंबाने फिल्टर मागावा आणि कंपनीने तो द्यावा, हा युटा वा जपानसारखा मधला मार्ग मात्र चर्चेत मागेच राहिला.

चाळणीकडून ओळखपत्राकडे

आता हा प्रश्न पुरवठादाराच्या दारातून पुढे सरकला आहे. मुलांच्या हाती स्वतःचा मोबाइल आला, की घरच्या ब्रॉडबँडवरील फिल्टरला वळसा घालणे सोपे होते. युटाने २०२१ मध्ये मोबाइल संचांतच फिल्टर सुरू ठेवण्याचा कायदा केला. आणखी पाच राज्यांनी तसेच केल्यावर तो लागू व्हावा, अशी त्यात अट होती. २०२३ मध्ये तर संकेतस्थळांनीच पाहणाऱ्याचे वय पडताळावे, असे बंधन आले. त्यावर पॉर्नहब या बड्या संकेतस्थळाने युटातील सेवाच बंद केली. टेक्सास राज्याचा असाच कायदा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरविला. घरचा फिल्टर पुरेसा आहे, हा २००४ मधील युक्तिवाद या वेळी तितका प्रभावी ठरला नाही. ब्रिटनमध्येही २५ जुलै २०२५ पासून वयाची पडताळणी सक्तीची झाली आणि लगोलग, आपण कोठून इंटरनेट वापरतो हे लपविणाऱ्या व्हीपीएन अॅपची मागणी वाढली.

या बदलाची किंमत वेगळी आहे. घरच्या फिल्टरला घरातील कोणाचेही नाव विचारावे लागत नाही. वयाच्या पडताळणीसाठी मात्र प्रत्येक प्रौढाला ओळखपत्र, बँक कार्ड वा चेहरा पुढे करावा लागतो. ती माहिती फुटली, तर होणारी बदनामी भरून न येणारी असते.

पालकांपुढील मार्ग त्यामानाने साधे आहेत. घरच्या राउटरवर कुटुंबांसाठीची डीएनएस सेवा लावता येते; क्लाउडफ्लेअर आणि ओपनडीएनएस अशी सेवा मोफत देतात. अँड्रॉइड फोनवर ‘फॅमिली लिंक’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ या सोयींतून मुलाच्या वयानुसार मर्यादा घालता येतात. यातील एकही उपाय अभेद्य नाही. तेव्हा नको ते दृश्य कधी ना कधी समोर आलेच, तर मुलाने धास्तावून फोन लपवावा की आईवडिलांना येऊन सांगावे, हे फिल्टरवर नव्हे, तर घरातील मोकळेपणावर ठरते.

मागणाऱ्याला फिल्टर देणे हे कायद्याचे काम आहे आणि ते कायद्याने चोख करून घ्यावे. तो मोफत असावा, त्याची माहिती ठळकपणे दिली जावी, चुकून अडकलेल्या संकेतस्थळाला दाद मागता यावी आणि सज्ञान ग्राहकाला तो काढूनही टाकता यावा. ब्रिटनमधील चार टक्के आणि भारतातील ८५७ संकेतस्थळांची यादी ही या प्रश्नाची दोन टोके आहेत. एकीकडे हाती दिलेली चाळणी लोकांनी वापरली नाही, तर दुसरीकडे ती लोकांच्या हाती कधी दिलीच गेली नाही.